आठ मात्रांचा थांबा

इंदुमतीबाई टेंबे यांना क्षयाचे निदान झाले, तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो आपल्या फुप्फुसांविषयी नव्हता. टी. टी. नगरातल्या डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडासमोर धरून डावीकडचा पांढुरका डाग दाखवला, थुंकीत जंतू सापडल्याचे सांगितले, आणि दोन महिने घरातल्या माणसांपासून वेगळे राहावे लागेल असे बजावले. बाईंनी ते सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "रामनवमीला मला गाता येईल का?"

डॉक्टर म्हणाले, या वर्षी नाही.

परतीच्या वाटेवर, स्कूटरच्या मागच्या सीटवरून, बाईंनी यजमानांना सांगितले की असे असेल तर त्यांचे भजनी मंडळ या वर्षी रामनवमीच्या इंदूरच्या स्पर्धेला जाणार नाही. नरहररावांनी मान हलवली. एकोणतीस वर्षांच्या संसारात त्यांनी मान हलवण्याचे काम फार निष्ठेने केले होते.

ही गोष्ट चौऱ्याण्णव सालची, भोपाळच्या कारखान्याच्या वसाहतीतली. पुण्याहून लग्न होऊन इंदुमतीबाई इथे आल्या तेव्हा क्वार्टरांच्या भिंतींना ओला चुना होता आणि भाजी घ्यायला पिपलानीपर्यंत चालत जावे लागे. बाकीच्या बायका माहेरच्या आठवणीने रडत बसल्या, तेव्हा यांनी त्यांना गोळा केले, हातात टाळ दिले आणि भजनी मंडळ उभे केले. सत्तावीस वर्षे मंडळ त्यांच्या शब्दाबाहेर गेले नव्हते. कोणी कुठे बसायचे, कोणत्या कडव्याला कोणी श्वास घ्यायचा, कोणाला गळा आहे आणि कोणी मागे बसून नुसता टाळ धरायचा, हे सगळे त्या ठरवत. मंडळाला वही नव्हती. दोनशेच्या वर भजने, गौळणी आणि आरत्या बाईंच्या डोक्यात होत्या आणि रोज सकाळी अंघोळ करताना त्या त्यांतल्या दहा-बारा मनाशी म्हणून पाहत. एकही शब्द सांडलेला नाही याची खात्री पटली की त्यांचा दिवस सुरू होई. त्यांचा खरा दागिना म्हणजे ते डोके.

घरात त्यांच्यासाठी मागची खोली रिकामी केली गेली. तिला अंगणात उघडणारे स्वतंत्र दार होते आणि अंगणाच्या कोपऱ्यात संडास-न्हाणीघर, म्हणजे बाईंना घरातून वावरण्याची गरजच पडू नये. पाच वर्षांची नात उज्जैनला सुनेच्या माहेरी पाठवली गेली. मुलगा अच्युत मंडीदीपच्या कंपनीत होता. तो सकाळी लवकर निघे आणि परत आल्यावर उंबऱ्यापलीकडून तब्येत विचारे. सून वंदना ताट दाराबाहेरच्या स्टुलावर ठेवून दोन पावले मागे सरके. यात कोणाचे काही चुकत नव्हते. डॉक्टरांनीच तसे सांगितले होते, आणि बाई स्वतः शिस्तीच्या असल्याने पहिल्या दिवशी ताट जरा जवळ सरकवणाऱ्या वंदनेला त्यांनीच रागे भरले होते.

पहिल्या आठवड्यात मंडळातल्या सात-आठजणी अंगणाच्या कुंपणापलीकडे उभ्या राहून भेटून गेल्या. सगळ्यांत पुढे शशिकला होती. शेजारच्या, म्हणजे एक सोडून पुढच्या क्वार्टरमध्ये ती राहत असे. वर्ध्याहून नवी नवरी म्हणून आली तेव्हा तिला सा कुठे लावायचा हेही माहीत नव्हते. बाईंनी तिला मांडीशी मांडी लावून बसवून शिकवले होते. बाईंनी कुंपणापाशी सर्वांना एकच विचारले, की मंडळाचे काय ठरवले आहे.

"ठरवायचं काय त्यात, वहिनी?" शशिकला म्हणाली. "तुम्ही उठेपर्यंत टाळ पेटीत. तुमच्याशिवाय कोण गाणार आहे?"

बाकीच्यांनी होकार दिला. बाईंना बरे वाटले. या बायकांनी दुसरे उत्तर दिले असते तर त्यांना कसे चालले असते, हा प्रश्न त्यांच्या मनात आला नाही. त्या सगळ्याजणींच्या मनात मात्र तेवढाच एक प्रश्न होता, हे पुढे कळले.

दिवस जाऊ लागले. औषधे पोटात आग पेटवीत. दुपारी ताप चढे आणि घामाने लुगडे भिजवून उतरे. पण बाईंना त्रास झाला तो वेगळ्याच गोष्टीचा. आपल्याला कोणाचा हात लागून किती दिवस झाले, हे त्या मोजू लागल्या. नऊ. बारा. सोळा. घरातली बोलणी त्यांच्या दाराजवळून जाताना हलकी होत आणि पुढे गेल्यावर पुन्हा मोठी होत. काय शिजते आहे हे फोडणीच्या वासावरून ओळखावे लागे, आणि तिखट जास्त पडले हे सांगायला हाक मारली तर खोकला आधी येई. सत्तावीस वर्षे दुसऱ्यांना कुठे बसायचे ते सांगणाऱ्या बाईंना आता कुठे बसावे एवढाच दिवसभर उद्योग होता. खाटेवर, खुर्चीवर, की उंबऱ्यावर.

तिसऱ्या आठवड्यात, दुपारी तीनच्या सुमाराला, त्यांना गाणे ऐकू आले.

फार दुरून यावे तसे, जणू पांघरुणाखालून. पेटी होती, टाळ होते, आणि त्यांचीच लाडकी जुनी गौळण होती. बाई खाटेवर उठून बसल्या. पेटीचा सूर त्यांच्या स्वतःच्या पेटीसारखा होता, खालच्या सप्तकात जरासा घरघरणारा. आणि पुढे गाणारा गळा भरलेला आणि निर्मळ होता, पंचविशीतला. तो ऐकून बाईंच्या अंगावर काटा आला. तो गळा त्यांचा स्वतःचा होता. खोकल्याने आणि वयाने खरवडण्याआधीचा.

वंदना चहाचा पेला घेऊन आली तेव्हा पुढचा गळा थांबला होता, पण पेटी, टाळ आणि मागचे आवाज चालूच होते. बाईंनी तिला विचारले, हे कोण गाते आहे.

वंदना स्टुलापाशी उभी राहिली. तिने मान किंचित तिरकी केली, ऐकण्याच्या प्रयत्नात माणूस करते तशी.

"मला तर काही नाही ऐकू येत, आई," ती म्हणाली, आणि पेला ठेवून गेली. काही वेळाने घराचे पुढचे दार वाजले. ती रोज तीनच्या आसपास भाजी आणायला जाई.

संध्याकाळी बाईंनी नरहररावांना सांगितले. ते म्हणाले की ताप असेल. ताप नव्हता, बाईंनी थर्मामीटर लावून पाहिला होता. दुसऱ्या दिवशी गाणे पुन्हा आले, तिसऱ्या दिवशीही. बाई शास्त्र शिकलेल्या नव्हत्या, पण परीक्षा कशी घ्यायची ते त्यांना कळत होते. त्यांनी कानांत कापसाचे बोळे घातले. आवाज बंद झाला. बोळे काढले, आवाज सुरू. हा पुरावा त्यांनी संध्याकाळी मोठ्या उत्सुकतेने यजमानांपुढे ठेवला, कारण याचा अर्थ गाणे बाहेरून येत होते. नरहरराव बराच वेळ चपलेच्या पट्ट्याशी खेळत राहिले. मग म्हणाले, "कान बंद केलेत हे मनालाही कळतंच ना, इंदू."

बाईंनी मग शनिवारची वाट पाहिली. शनिवारी यजमानांची अर्धी पाळी. बाईंनी दुपारी त्यांना अंगणात, चार हातांवर, खुर्ची टाकून बसायला लावले. नरहरराव वर्तमानपत्र वाचत होते. तीन वाजून गेले आणि गाणे सुरू झाले, त्या दिवशी जरा दबलेले, बंद खिडक्यांआडून यावे तसे.

"आता ऐका," बाई म्हणाल्या.

नरहररावांनी वर्तमानपत्र गुडघ्यावर ठेवले. डोळे मिटले. त्यांच्या कपाळावरच्या आठ्या बाईंना स्पष्ट दिसत होत्या. पहिले कडवे झाले, दुसरे लागले. मग त्यांनी डोळे उघडले.

"काही नाही, इंदू," ते म्हणाले, आणि पान उलटले.

त्या क्षणी इंदुमतीबाईंच्या आत काहीतरी खचले. सून खोटे बोलू शकते, शेजारी खोटे बोलू शकतात, पण हा माणूस? कारखान्यात यंत्राच्या आवाजावरून बिघाड ओळखणारा म्हणून त्याची ख्याती होती. त्याला ऐकू येत नाही, तर ते नाहीच. मग ते कुठे आहे? फक्त आपल्या डोक्यात. आणि डोक्यात असे काही शिरले असेल, तर त्या डोक्यातल्या बाकीच्या गोष्टींचे काय?

पुढच्या तपासणीला त्यांनी स्वतःच डॉक्टरांना सांगितले. अगदी सविस्तर, काही न लपवता: वेळ, पेटी, तरुणपणचा स्वतःचा गळा. डॉक्टर भला माणूस होता. त्याने हसण्यावारी नेले नाही. तो म्हणाला, या औषधांनी कोणाच्या कानांत आवाज येतात, कोणाला भास होतात. नुसते एकटे राहूनही माणसाच्या मनावर ताण येतो, आणि मन मग स्वतःची सोबत स्वतःच करू लागते. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. मग त्याने नरहररावांकडे वळून विचारले, घरात दुसऱ्या कोणाला असे गाणे ऐकू येते का?

नरहरराव टेबलावरच्या कागददाबाकडे पाहत होते. "नाही," ते म्हणाले.

डॉक्टरांनी रात्रीच्या जेवणानंतर घ्यायची एक पांढरी गोळी लिहून दिली.

ती गोळी नरहरराव रोज स्वतः आणून देत. उंबऱ्यावर पाण्याचा पेला आणि कागदावर गोळी ठेवून, बाईंनी ती गिळेपर्यंत ते उभे राहत. गोळीने झोप लागे, पण सकाळपर्यंत पुरून दुपारपर्यंत उरे. जीभ जड झाली. हात कापू लागले, स्टुलावरून ताट उचलताना वरण सांडू लागले. गाणे काही थांबले नाही. ते फक्त आता धुक्यातून येई. बाई त्याच्याकडे पाठ करून झोपत, कोणी नकोसा पाहुणा दारात उभा असावा तसे.

आणि मग एका सकाळी, अंगावर पाणी घेताना, त्या एका आरतीच्या दुसऱ्या कडव्याशी अडखळल्या. पुढची ओळ आली नाही. त्यांनी सुरुवातीपासून म्हटले, पुन्हा तिथेच अडल्या. दुसऱ्या दिवशी आणखी एक भजन गेले. दोनशेतून एक, मग तीन, मग सात. हे त्यांनी कोणाला सांगितले नाही. ओल्या अंगाने पाटावर बसून त्या रडल्या, आवाज न करता. क्षयाची त्यांना भीती नव्हती. त्यांच्या वडिलांची आत्या क्षयाने गेली होती, आणि तिच्या मरणाला एक अब्रू होती. पण वसाहतीत ज्या बाईचे डोके फिरले म्हणून लोक बोटे दाखवतील, ती आपण असू, हे त्यांना सहन होईना. इथे आपण कोण आहोत, हे त्यांना ज्या एका गोष्टीच्या आधाराने ठाऊक होते, तीच हातून निसटत होती.

सातव्या आठवड्यातल्या एका बुधवारी गाणे नेहमीप्रमाणे सुरू झाले. बाई पाठ करून पडल्या होत्या. इतके दिवस त्यांनी घाबरून फक्त तो गळा ऐकला होता, ठेका कधी धरला नव्हता. पण बोटे जुन्या सवयीची. खाटेच्या लाकडी कडेवर ती आपोआप ठेका धरू लागली. पहिले कडवे, दुसरे, तिसरे. तिसरे संपले आणि बोट थांबले.

गाणे थांबले नाही.

बाईंनी डोळे उघडले.

त्या गौळणीत तिसऱ्या कडव्यानंतर आठ मात्रांचा थांबा होता. टाळ नाहीत, पेटी नाही, सगळ्याजणी गप्प, आणि मग चौथे कडवे. हा थांबा दुसऱ्या कोणत्याही गावी कोणत्याही मंडळात नव्हता. नव्याने येणाऱ्या बायकांना सांगितले जाई की ही टेंबेवहिनींच्या घराण्याची रीत आहे, आणि त्या भक्तिभावाने गप्प बसत. इंदूरच्या एका परीक्षकाने तर या शांततेत देवाची चाहूल लागते असे म्हणून मंडळाला ढाल दिली होती. पहिल्या बायका वसाहत सोडून गेल्यापासून खरी गोष्ट फक्त बाईंना ठाऊक होती. एकाहत्तर साली ही गौळण त्यांनी बसवली तेव्हा तालीम दुपारी असे, आणि बरोबर तिसरे कडवे संपता संपता पाळी बदलण्याचा भोंगा होई. त्याच्यावर गाणे शक्यच नव्हते. बायका थांबत, भोंगा संपे, पुढे गात. महिनाभरात ते थांबणे गळ्यात बसले. पुढे पाळ्यांच्या वेळा बदलल्या, तालमीची वेळ बदलली, पण थांबा काढावा असे बाईंना वाटले नाही. त्यांनी तो आठ मात्रांत बांधून टाकला आणि कोणाला कारण सांगितले नाही. तेवीस वर्षे त्या गौळणीला त्या थांब्याशिवाय त्यांनी कल्पनेतही म्हटले नव्हते.

मग हे गाणे त्यांच्या डोक्यातले असेल, तर त्यांचे डोके तिथे थांबल्याशिवाय पुढे कसे गेले?

त्या उठून बसल्या. गाणे चौथ्या कडव्यात होते, बिनधास्त, न थांबता. बाईंनी कापरे हात मांडीवर ठेवले. मी असे गात नाही, त्या मनाशी म्हणाल्या. माझे मन असे गाणार नाही. म्हणजे हे मी नव्हे. हे बाहेर आहे.

साडेतीन आठवड्यांत पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर हसू आले. ते मिनिटभर टिकले असेल. कारण लगेच पुढचा विचार आला. हे बाहेर आहे, तर ते सर्वांना ऐकू येत असणार. वंदनेला. आणि अंगणात चार हातांवर बसून, डोळे मिटून, कपाळाला आठ्या घालून ज्याने दीड कडवे नीट ऐकले, त्यालाही.

इंदुमतीबाईंनी आकांत केला नाही. त्या रात्री त्यांनी गोळी जिभेखाली धरली आणि यजमान वळल्यावर थुंकून टाकली. दुसऱ्या रात्रीही, तिसऱ्याही. पाचव्या दिवशी त्यांचे हात स्थिर झाले. हरवलेल्या सातांपैकी पाच भजने परत आली. सहाव्या दिवशी तीन वाजता त्यांनी वेणी घातली, धुतलेले लुगडे नेसले, पदराची दुहेरी घडी नाकातोंडावर बांधली, आणि अंगणाचे फाटक उघडून मागच्या बोळात पाऊल टाकले. दवाखान्याच्या फेऱ्या सोडल्या तर दोन महिन्यांत पहिल्यांदाच.

शशिकलाच्या मागच्या खोलीची खिडकी बंद होती, पण काचा होत्या. बाई बोळात, खिडकीपासून दहा पावलांवर उभ्या राहिल्या. घरात शिरून कोणाला आजार द्यायचा नाही, एवढी शुद्ध त्यांना होती. आत सतरंजीवर अकराजणी बसल्या होत्या. मध्ये बाईंची स्वतःची पेटी होती, तिच्यावर शशिकलाची बोटे. आणि पुढे, जिथे सत्तावीस वर्षे बाई बसत होत्या, त्या जागी डोळे मिटून वंदना गात होती.

तिला गळा नाही, असे बाईंनी तिच्या लग्नानंतरच्या पहिल्याच गणपतीत सर्वांसमोर सांगितले होते. घोगरा आहे, तू मागे बस.

कोणीतरी खिडकीकडे पाहिले. टाळ एकेक करून थांबले. वंदना सर्वांत शेवटी थांबली, कारण तिचे डोळे मिटलेले होते. शशिकला उठली आणि तिने खिडकी उघडली. बाईंनीच विचारले, "तिसऱ्यानंतरचा थांबा कोणी काढला?"

हाच प्रश्न त्या विचारतील असे कोणाला वाटले नसावे. शशिकला गोंधळली. "काढला असा नाही, वहिनी," ती म्हणाली. "वंदनाला तिथे थांबताच येत नाही. ती पुढे निघून जाते. मग आम्हीही तिच्यामागे."

मग तिने सगळे सांगितले, अडखळत, पदराचे टोक पिळत. इंदूरला नाव आधीच गेले होते. मंडळ बंद ठेवू असे कुंपणापाशी म्हटले खरे, पण बाईंच्या तोंडावर नाही म्हणण्याची ताकद कोणात होती? आठवडाभर वाट पाहिली, मग चोरून सुरू केले. नंतर बाईंना ऐकू येते असे कळले तेव्हा खिडक्या लावल्या, हळू गाऊ लागल्या. पंधरा दिवसांचाच तर प्रश्न होता. मग आणखी पंधरा दिवसांचा झाला.

"मला गोळ्या चालू आहेत, हे ठाऊक होतं तुम्हाला?"

बायकांनी माना खाली घातल्या. म्हणजे ठाऊक होते.

बाई वळल्या आणि आपल्या अंगणात परत आल्या. मागोमाग वंदना धावत आली आणि फाटकापाशी थांबली. तिचा चेहरा लाल झाला होता, पण ती रडत नव्हती.

"पहिल्या दिवशी घाबरून नाही म्हटलं मी," ती म्हणाली. "मग दुसऱ्या दिवशी हो कसं म्हणणार? हिंमतच नाही झाली. बाबांना त्याच संध्याकाळी सांगितलं होतं मी. ते म्हणाले, आता राहू दे, तिला कळलं तर तब्येत अजून खराब होईल."

त्याच संध्याकाळी. म्हणजे कापसाचे बोळे, शनिवार, आणि डॉक्टरांच्या टेबलावरचा कागददाब हे सगळे त्यानंतरचे. बाई उंबऱ्यावर बसल्या.

"माझं डोकं फिरलं असं मी समजले," त्या म्हणाल्या. "तू रोज ताट ठेवताना माझ्या तोंडाकडे पाहत होतीस. तुला दिसत नव्हतं?"

"दिसत होतं." वंदनेने फाटकाची कडी घट्ट धरली. "तुम्ही म्हणालात मला गळा नाही. माझ्या कानांना वेगळं ऐकू येत होतं, आई. तरी नऊ वर्षं मी तुमचं मानलं. स्वयंपाकघरात गुणगुणतानासुद्धा वाटायचं, आपल्यालाच भास होतोय."

इंदुमतीबाईंना खोटे बोलून सुटता आले असते. पण त्या दिवशी त्या घरात आणखी एक खोटा शब्द मावला नसता.

"तुला गळा आहे," त्या म्हणाल्या. "नात पाळण्यात होती, तेव्हाच मला कळलं होतं."

वंदनेने त्यांच्याकडे पाहिले. त्या पाहण्यात आभार नव्हते. मग ती स्टुलावरचे दुपारचे ताट उचलून आत गेली.

संध्याकाळी नरहरराव घरी आले, ते सगळे कळूनच आले असावेत. उंबऱ्याशी उभे राहून ते बोलू लागले: तुझ्या भल्यासाठी, तब्येतीसाठी, तुझा स्वभाव मला माहीत नाही का, गोळीने निदान झोप तरी लागत होती. बाईंनी त्यांना पूर्ण बोलू दिले. एवढेच सांगितले, की परवा तपासणीला जायचे आहे, स्कूटरमध्ये पेट्रोल भरून ठेवा.

टी. टी. नगरात डॉक्टरांनी अहवाल पाहिला आणि ते खूश झाले. थुंकीत जंतू राहिले नव्हते. औषधे अजून काही महिने घ्यायची, पण आता घरात मोकळेपणाने वावरायला हरकत नाही. मग त्यांनी आवाज खाली आणून, मायेने विचारले, "आणि ते गाणं? अजून येतं का ऐकू?"

"यांना विचारा," बाई म्हणाल्या.

डॉक्टरांना वाटले, रुग्णाला संकोच वाटतो आहे. त्यांनी नरहररावांकडे पाहिले. खोलीत पंख्याचा आवाज होता. बाई समोरच्या भिंतीकडे पाहत होत्या, पण त्यांचे सगळे लक्ष डाव्या हाताच्या खुर्चीकडे होते. हा माणूस आज काय म्हणतो, याच्यावर काय अवलंबून आहे, हे त्यालाही कळत होते. त्याने घसा साफ केला. दोनदा.

"ऐकू येतं, डॉक्टर," तो म्हणाला. "मलाही येतं. पहिल्यापासून येत होतं."

मग नरहररावांनी सगळे सांगितले. चांगले सांगितले, काही राखून ठेवले नाही. कारखान्यातल्या अपघाताचा जबाब द्यावा तसे, वेळ आणि वारासकट. डॉक्टर लेखणी खाली ठेवून ऐकत राहिले.

"म्हणजे तीन आठवडे मी चांगल्या डोक्याला औषध देत होतो," ते शेवटी म्हणाले. त्यांनी चिठ्ठीवरची ती गोळी खोडली, दोन आडव्या रेघा मारून, आणि मग थेट बाईंना उद्देशून म्हणाले, "मला माफ करा, बाई. मी तुम्हाला विचारायला हवं होतं. मी यांना विचारलं."

बाईंनी हात जोडले. परक्या माणसाने मागितलेली ती माफी त्यांनी तत्काळ स्वीकारली, कारण ती स्वीकारणे सोपे होते.

रामनवमीला पाच दिवस होते. इंदूरला कोणी जायचे, कोणी गायचे, थांबायचे की नाही, यावर बाईंनी काही मत दिले नाही. पेटी परत मागितली नाही. शशिकलाने निरोप पाठवला की वहिनींनी एकदा येऊन ऐकावे. त्यावर त्यांनी उत्तर पाठवले, की आता मला सगळे इथून नीट ऐकू येते.

घरात त्यांना सर्वत्र वावरायची मुभा होती, पण त्या मागच्याच खोलीत राहिल्या. तपासणीच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नरहरराव तिथे आले. उंबऱ्याशी न थांबता, दोन महिन्यांनी पहिल्यांदा आत आले. त्यांनी बाईंच्या खांद्यावर हात ठेवला. बाईंनी तो झटकला नाही. तो हात हलका होता आणि ओळखीचा होता, आणि त्याची वाट पाहत त्यांनी किती दिवस मोजले होते, हे त्यांना आठवले. पण अंगात काही हलले नाही.

"ऊन उतरलंय, इंदू," ते म्हणाले. "बाहेर गार झालंय. अंगणात बसतेस का थोडा वेळ?"

इंदुमतीबाई उठल्या. दारापाशी गेल्या, उंबऱ्यावर उभ्या राहिल्या, आणि बाहेर हात काढून त्यांनी तळवा अंगणातल्या उजेडात धरून पाहिला. ऊन खरेच उतरले होते. फरशी गार होती की नाही, हे त्यांनी पावलाने चाचपून पाहिले. ती गार होती. मग त्यांनी आपली खुर्ची आपणच उचलली आणि अंगणात नेऊन ठेवली.